कास्त्रो, मातेउस दे
(सु. १५९४–१६७७). रोमन कॅथलिक चर्चच्या लॅटिन विधीतील पहिला भारतीय बिशप व गोव्यातील पोर्तुगीज धर्मसत्तेचा कडवा विरोधक. जन्म गोव्यातील दिवाडी बेटावर, एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात. बारदेशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पंथीयांच्या विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. ब्राह्मणांस धर्मगुरूची दीक्षा देण्यास गोव्याच्या आर्चबिशपने नकार दिल्यामुळे तो खुष्कीच्या मार्गाने १६२५ मध्ये रोमला पोहोचला. तेथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून त्याने दीक्षा मिळविली.

पोपने दिलेल्या सनदांनुसार पूर्वेकडील चर्चचा आश्रयाधिकार (पाद्रुआदो) पोर्तुगालच्या राजाकडे होता. मात्र १६२२ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसार मंडळास मिशनांची सूत्रे आपल्या हाती हवी होती आणि त्यासाठी एतद्देशीय धर्मगुरू तयार करणे अगत्याचे वाटत होते. या मंडळाचा सचिव फ्रांचेस्को इंगोली याचा कास्त्रोला पाठिंबा लाभला. १६३७ मध्ये बिशपपदाचा अभिषेक होऊन आदिलशाही मुलखातील धर्मकार्य त्याच्याकडे सोपविण्यात आले.

गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्याची अधिकारपत्रे अमान्य केली. वादाचे मूळ प्रश्न दोन होते : बिशपचा अधिकार थेट पोपकडून येतो की राजाच्या संमतीवाचून तो अपुरा ठरतो, आणि बाप्तिस्म्याने एक झालेल्यांत वंशावरून दीक्षेचा अधिकार नाकारता येतो काय? मुहम्मद आदिलशाहाच्या आश्रयाने कास्त्रोने डिचोली येथे आपले केंद्र उभारले. १६५३ मध्ये गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून लिहिलेल्या ‘ब्राह्मणांचा आरसा’ या पत्रात त्याने पोर्तुगीजांवर प्रखर टीका केली. १६५४ मध्ये आदिलशाही फौजा गोव्यावर चालून गेल्या, तेव्हा त्यांच्याशी व डचांशी संगनमत केल्याचा आरोप त्याच्यावर आला. १६५८ मध्ये तो रोमला परतला व तेथेच निधन पावला.

कास्त्रोची भूमिका सर्वांगी समतेची नव्हती. त्याचा आग्रह प्रामुख्याने ब्राह्मण धर्मगुरूंपुरता होता व त्यात जात्यभिमान स्पष्ट दिसतो. तरीही धर्मांतर करविणाऱ्यांनी धर्मांतरितांस दुय्यम का लेखावे, हा त्याचा प्रश्न चर्चच्याच तत्त्वांवर आधारलेला असल्याने त्यास उत्तर देणे गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांस अवघड गेले. कुस्तोदियु द पिन्यु व तोमाश द कास्त्रो या त्याच्या भाच्या-पुतण्यांनाही पुढे बिशपपद मिळाले; मात्र रोम व पोर्तुगाल यांच्यातील अधिकाराचा हा तंटा नंतरही दीर्घकाळ चालू राहिला.