दर चार तासांनी

वर्गात अफूचा विषय निघतो तो बहुधा दोनदा. एकदा इतिहासाच्या तासाला, चीनमधील अफूयुद्धे शिकवताना. आणि दुसऱ्यांदा व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात. अफूच्या बोंडातून पाझरणाऱ्या चिकात मॉर्फिन असते. सर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने ते १९व्या शतकाच्या पहिल्याच दशकात वेगळे केले. त्याच शतकाच्या मध्यास इंजेक्शनची सुईही आली. म्हणजे तीव्र वेदना थांबवणारे औषध आणि ते देण्याचे साधन, दोन्ही गेली दीडशे वर्षे हाताशी आहेत. तरीही विसाव्या शतकात कॅन्सरचे असंख्य रुग्ण चांगल्या रुग्णालयांत, शिकलेल्या डॉक्टरांच्या देखत तळमळत गेले. असे का झाले?

औषध महाग होते म्हणून नव्हे. ते कसे द्यायचे हे कुणाला शिकवलेच जात नव्हते, म्हणून. या शिक्षणाचा इतिहास आपण आज पाहणार आहोत. त्यात डॉक्टरांपेक्षा परिचारिकांचा वाटा मोठा आहे.

आधी जुनी पद्धत समजून घेऊ. डॉक्टर केसपेपरवर लिहीत, 'दुखल्यास मॉर्फिन द्यावे'. वाक्य निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात काय घडे? रुग्णाला दुखू लागे. मागायचे कसे, या संकोचात तो तास काढी. मग तो नर्सला हाक मारी. नर्स किल्ली आणी, कपाट उघडी, नोंद करी. तोवर वेदना शिगेला पोचलेली असे, म्हणून मोठी मात्रा द्यावी लागे. मोठ्या मात्रेने रुग्ण गुंगीत जाई. गुंगी उतरली की पुन्हा वेदना. मग डॉक्टर म्हणत, पाहा, मॉर्फिनने माणूस बधिर होतो, आणि हा तर सारखे औषधच मागतो, याला चटक लागली!

याचा आलेख फळ्यावर काढून पाहण्यासारखा आहे. आडव्या अक्षावर तास, उभ्यावर रक्तातील मॉर्फिनचे प्रमाण. दोन आडव्या रेघा मारा: खालच्या रेघेखाली वेदना, वरच्या रेघेवर गुंगी. 'दुखल्यास' पद्धतीत आलेख उंच दातांच्या करवतीसारखा होतो आणि दोन्ही रेघा पुन्हा पुन्हा ओलांडतो. मॉर्फिनचा अर्धायुकाल दोन ते तीन तासांचा असतो. किरणोत्सर्गाच्या धड्यात भेटलेली कल्पनाच इथे रक्तात भेटते. तेव्हा आधीची मात्रा पुरती संपण्यापूर्वी, साधारण दर चार तासांनी, लहान मात्रा दिली तर आलेख दोन रेघांच्या मधोमध हलके हेलकावत राहतो. वेदना नाही आणि गुंगीही नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी अर्धायुकाल तीन तास धरून, दर चार तासांनी दहा मिलिग्रॅम अशी बेरीज करून पाहावी. प्रमाण वाढत वाढत एका दिवसाच्या आतच स्थिरावते असे दिसेल.

ही बेरीज करून दाखवणारे शास्त्रज्ञ पुढे आले. पण 'दर चार तासांनी' हा नियम त्यांनी शोधला नाही. तो लंडनमधील सेंट ल्यूक्स नावाच्या संस्थेत आधीपासून पाळला जात होता. मरणपंथाला लागलेल्या गरिबांसाठी १८९३ साली निघालेली ही जागा. तिथल्या परिचारिका मॉर्फिनचे पातळ औषध तोंडानेच आणि घड्याळ पाहून देत, रुग्णाने मागण्याची वाट पाहत नसत. डॉक्टर दिवसातून एकदा चक्कर मारतो. चार तासांचे चक्र दिसते ते खाटेजवळ थांबणाऱ्यालाच. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र हे कुठे लिहिलेले नव्हते.

ते पुस्तकात आणणारी व्यक्ती म्हणजे सिसिली साँडर्स. जन्म १९१८. ऑक्सफर्डमधले शिक्षण अर्धवट सोडून, महायुद्ध चालू असताना १९४० साली त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंग शिकायला गेल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावे लागले, तेव्हा पुन्हा ऑक्सफर्ड, आणि मग रुग्णालयात समाजसेविकेची नोकरी. १९४८ साली त्यांच्या देखरेखीखालील डेव्हिड टास्मा हा वॉर्साहून आलेला ज्यू वेटर कॅन्सरने वारला. अशा रुग्णांसाठी वेगळे घर असावे, याविषयी दोघांचे बोलणे झाले होते. त्याने आपली ५०० पौंडांची ठेव त्यांच्या नावे केली आणि त्या घरातली एक खिडकी होण्याची इच्छा सांगितली. घर उभे राहायला १९ वर्षे लागली.

त्याच वर्षी त्या संध्याकाळच्या वेळी सेंट ल्यूक्समध्ये स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या, आणि घड्याळाप्रमाणे औषध दिल्याचा परिणाम त्यांनी डोळ्यांनी पाहिला. नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकांनी त्यांना सल्ला दिला की, डॉक्टर व्हा; नाहीतर तुमचे कोणी ऐकणार नाही. सल्ला खरा होता. परिचारिकेचे निरीक्षण परिचारिकेच्या तोंडून ऐकायला वैद्यक तयार नव्हते, ही गोष्ट आम्हाला या साऱ्या कथेत सर्वांत बोचणारी वाटते. तिशी ओलांडलेल्या साँडर्स वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या.

१९५८ पासून सेंट जोसेफ्स या आयरिश जोगिणींच्या शुश्रूषागृहात त्यांनी काम सुरू केले. इथे त्यांनी चार तासांचा नियम लावला आणि, हे महत्त्वाचे, नोंदी ठेवल्या. मात्रा किती, वेदना किती, गुंगी आली का, मात्रा वाढवावी लागली का, अशा हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी झाल्या. मात्रा अनिर्बंध वाढत नाही, वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनची सहसा चटक लागत नाही, सुरुवातीची मळमळ नि झापड काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून सारक पहिल्या दिवसापासून द्यावे, असे हे सारे जमिनीवरचे ज्ञान होते. १९५९ साली त्यांनी मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेवर लेखमाला लिहिली ती 'नर्सिंग टाइम्स' या परिचारिकांच्या नियतकालिकात. डॉक्टर झाल्यावरही आपले पहिले विद्यार्थी कोण, हे त्या विसरल्या नाहीत.

'समग्र वेदना' ही कल्पनाही याच काळातली. हाड दुखते, त्यात घरभाडे थकल्याची काळजी असते, मुलीशी अबोला असतो, मलाच का हा प्रश्न असतो. ही सगळी मिळून एकच वेदना. मग ती हाताळायला एकटा डॉक्टर कसा पुरेल?

१९६७ साली लंडनच्या सिडनॅम भागात सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. टास्माच्या नावाची खिडकी प्रवेशाजवळच आहे. शुश्रूषेबरोबर संशोधन आणि शिक्षण हे तिथे पहिल्यापासून ठरलेले होते. १९७१ साली तिथे आलेल्या रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी सुमारे ७०० रुग्णांवर चाचणी घेतली. तोवर ब्रिटनमध्ये हेरॉइन हे मॉर्फिनपेक्षा सरस मानले जाई; मात्रा नीट बसवल्यास तोंडाने घेतलेल्या दोन्हींत फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. साधे, स्वस्त मॉर्फिन पुरेसे होते. गरीब देशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा ठरला.

शिकायला येणाऱ्यांत अमेरिकेच्या येल विद्यापीठातील नर्सिंग विद्यालयाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड होत्या. १९६३ साली साँडर्स यांचे व्याख्यान ऐकून त्या इतक्या हलल्या की पुढे त्यांनी प्रमुखपद सोडले, सेंट क्रिस्टोफर्समध्ये काम पाहिले, आणि १९७४ साली कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतले पहिले हॉस्पिस सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९८७ साली ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा मानली गेली. पदविका, मग पदव्युत्तर पदव्या आल्या. त्यांतल्या काही वर्गांत नर्स, डॉक्टर आणि समाजसेवक एकाच बाकावर बसतात. समग्र वेदनेची कल्पना मानली, की दुसरी व्यवस्था सुचतच नाही.

आपल्याकडे पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले, डॉ. एल. जे. डिसूझा यांचे शांती अवेदना सदन. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कडक कायदा झाला होता. मॉर्फिन बाळगायला अनेक परवाने, प्रत्येक राज्याचे नियम निराळे, चुकीला तुरुंग. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातला त्याचा वापर काही शे किलोंवरून १९९७ साली १८ किलोंवर आला. आणि आपला देश तर औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणारा! आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. जे औषध वॉर्डात नाही, ते वापरायला डॉक्टर-नर्सेसची एक अख्खी पिढी शिकलीच नाही. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला, तरी हे न शिकलेपण कायद्याने भरून निघणारे नव्हते.

ते भरून काढण्याचे काम केरळात आधीच सुरू झाले होते. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली वेदनाशमनाचे केंद्र काढले. तिथे डॉक्टरांबरोबर नर्सेसना आणि गावातल्या स्वयंसेवकांनाही शिकवू लागले. २००८ साली केरळने राज्याचे धोरण आखले; आज तिथे ग्रामपंचायतीने नेमलेली प्रशिक्षित नर्स रुग्णाच्या घरी जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१२ साली या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला.

घरी गेलेली नर्स कुटुंबाला एक तक्ता करून देते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे दोन वाजता रुग्णालाही उठवायला नको आणि त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोलाही.