होप हिऱ्याचा शाप आणि एव्हलिन मॅक्लीन

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला ४५.५२ कॅरटचा निळा होप हिरा जितका प्रसिद्ध आहे, तितकाच त्याचा शापही. या शापाचा माग काढत आपण सतराव्या शतकात जावे, तर तिथे तो सापडतच नाही. ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने हिंदुस्थानातून, बहुधा कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतून निघालेला, ११२ कॅरटचा दगड नेला आणि १६६८ मध्ये चौदाव्या लुईला विकला. देवाच्या मूर्तीचा डोळा काढून तो चोरल्याची कथा बरीच नंतरची. राजाने १६७३ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडून घेतले, १७९२ च्या क्रांतिकाळात तो चोरीला गेला, १८१२ मध्ये लंडनला आणखी लहान होऊन प्रकटला आणि पुढे होप घराण्याकडे आला. एवढ्या प्रवासात शापाची वाच्यता नव्हती. ती विसाव्या शतकाच्या तोंडावर वृत्तपत्रांनी सुरू केली. जानेवारी १९०८ मध्ये हा हिरा सर्व मालकांना बाधला, असा लेख ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापला. त्या पत्राचे मालक होते मॅक्लीन कुटुंब, आणि त्याच वर्षी त्यांच्या घरात सून आली एव्हलिन वॉल्श.

एव्हलिनचे वडील आयर्लंडहून आलेले. कोलोरॅडोतल्या ‘कॅम्प बर्ड’ सोन्याच्या खाणीने त्यांचे नशीब उघडले. १९१० मध्ये पॅरिसच्या हॉटेलात जवाहिऱ्या पिएर कार्तिए लाखेने मोहरबंद केलेली पुडी घेऊन तिच्यापुढे बसला आणि पुडी उघडण्याआधी त्याने होप हिऱ्याच्या मालकांच्या दुर्दैवाची सारी कहाणी सांगितली. अशुभ वस्तूच आपल्याला लाभतात, असे तिचे म्हणणे! हिऱ्याचे कोंदण मात्र तिला रुचले नाही. कार्तिएने ते बदलले आणि अमेरिकेत हिरा शनिवार-रविवार तिच्या घरी ठेवला. आपल्याकडे नीलम उशाखाली ठेवून पारखतात, तशी ती रात्रभर त्याच्याकडे पाहत राहिली. १९११ मध्ये १,८०,००० डॉलरला सौदा झाला. सहा महिन्यांत घरात मृत्यू झाल्यास हिरा बदलून देण्याचे कलमही करारात होते. माझ्या मते शापाला खरे वजन आले ते इथे: ऐकीव गोष्ट कायद्याच्या कागदावर चढली. एव्हलिनने पाद्र्याकडून हिऱ्यावर आशीर्वाद घेतला आणि पुढे तो कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा घातला.

१९१९ मध्ये तिचा नऊ वर्षांचा मुलगा मोटारीखाली गेला. १९३२ मध्ये विमानवीर लिंडबर्गचे अपहृत बाळ सोडवून आणतो, असे सांगून गॅस्टन मीन्स नावाच्या ठगाने तिचे लाखभर डॉलर लाटले. त्याच वर्षी पहिल्या महायुद्धातील सेवेच्या बोनससाठी राजधानीत उपाशी बसलेल्या माजी सैनिकांना तिने अन्न पुरवले. शापकथा सांगणारे हे सहसा सांगत नाहीत. १९३३ मध्ये ‘पोस्ट’ लिलावात गेले, पुढे नवरा मनोरुग्णालयात वारला, १९४६ मध्ये मुलगीही गेली. पैशाची नड भासली की ती हाच हिरा गहाण टाकी आणि सोडवून आणी. १९४७ मध्ये ती न्यूमोनियाने वारली. जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने १९४९ मध्ये तिचे दागिने विकत घेतले आणि १९५८ मध्ये हिरा संग्रहालयाला दान दिला, तोही साध्या रजिस्टर्ड टपालाने. खर्च आला १४५.२९ डॉलर, आणि त्यातला बहुतेक विम्याचा होता.