मेनूकार्डावरचं सिंगापूर

दापोली तालुक्यातल्या मुरुडला (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ते रायगडात) आलेला पाहुणा पहिल्या दुपारी सुरमईचं ताट मागवतो, वर सोलकढी पितो. दुसऱ्या रात्री पोरं मासे नको म्हणतात आणि मेनूकार्डाचं मागचं पान उघडतं. मंचुरियन, ट्रिपल शेझवान, हक्का नूडल्स आणि त्यांच्याखाली कुठेतरी ‘सिंगापुरी नूडल्स’. येतात त्या पिवळ्याजर्द, कोबी-गाजर-सिमला मिरची घातलेल्या. कोकणपट्टीवरच्या बहुतेक फॅमिली रेस्टॉरंटांत हे पान असतंच. महर्षी कर्व्यांच्या या गावात हे सिंगापूर आलं ते सिंगापूरहून मात्र नव्हे.

तो पिवळा रंग करी पावडरीचा, किंवा तिच्या जागी सढळ हाताने टाकलेल्या हळदीचा. करी पावडर तरी आपली कुठे? कंपनीची नोकरी करून विलायतेला परतलेल्या साहेबांना हिंदुस्थानातलं जेवण आठवायचं, पण तिकडे ना पाटा-वरवंटा, ना मसाला वाटणारी माणसं. १७८४ साली लंडनच्या पिकाडिलीतलं सॉर्लीचं अत्तराचं दुकान तयार करी पावडरीची जाहिरात करत होतं. पुढे ही पूड डब्यांत बसून साम्राज्यभर फिरली. १८४२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या हाँगकाँगलाही ती पोचली. तिथल्या कॅन्टनी खानावळवाल्यांनी ती तांदळाच्या बारीक शेवयांवर टाकली, सोबत कोळंबी, अंडं, डुकराचं भाजलेलं मांस, आणि नाव दिलं सिंगापूरचं. चिनी माणसं आणि करी खाणारी माणसं शेजारी राहतात तो मुलूख, एवढाच त्यामागे विचार असावा. खुद्द सिंगापुरातही तांदळाच्या शेवया परततात, पण सहसा करी पावडरीशिवाय.

आपल्याकडे चिनी रांधपाला मसाल्याची सवय लावली ती कोलकात्याच्या हक्का चिनी कुटुंबांनी. कोलकात्याहून मुंबईत आलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. मग हा सगळा प्रकार हॉटेलांतून हातगाड्यांवर उतरला आणि चाकरमान्यांच्या, पर्यटकांच्या पाठोपाठ घाट उतरून कोकणात आला. वाटेत डुकराचं मांस गळलं, तांदळाच्या शेवयांच्या जागी गव्हाच्या नूडल्स आल्या, आणि कुठेकुठे तर ‘जैन सिंगापुरी’ही मिळू लागली. लंडनचा मसाला, कॅन्टनी हात, बंगाली वळण, मुंबईचं तेल. एवढ्या प्रवासात सिंगापूर लागतच नाही.

खरी गंमत पुढे आहे: या किनाऱ्याचा त्या बाजूच्या मुलखाशी संबंध मात्र जुनाच. मुरुडहून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ लागतं. आज ते शांत गाव आहे, पण आदिलशाहीत मोठं बंदर होतं. तोमे पिरेस नावाचा पोर्तुगीज औषधविक्या १५१२ ते १५१५ या काळात आजच्या मलेशियातल्या मलाक्क्यात होता. ‘सुमा ओरिएंताल’ या त्याच्या ग्रंथात मलाक्क्याला व्यापार करणाऱ्या लोकांची लांबलचक यादी आहे: कैरोचे, मक्केचे, एडनचे, गुजराती आणि पुढे चौल, दाभोळ, गोवा इथले. म्हणजे या किनाऱ्यावरची माणसं पाचशे वर्षांपूर्वी मलाक्क्याच्या बाजारात उभी होती. जायफळ आणि लवंग पूर्वेच्या बेटांतून निघून याच बाजारातून पश्चिमेला येत. आज तेच जायफळ इकडच्या नारळी-पोफळीच्या सावलीत लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘कोकण सुगंधा’ नावाची त्याची जातच काढली आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का. गोव्याचं व्हिंदालू आणि मलाक्क्यातल्या पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती घरांतली, नाताळात व्हिनेगर घालून करतात ती ‘डेबल’ करी ही त्या घरोब्याची मागे राहिलेली भावंडं.

पण कोकणी जिभेला सगळ्यात जवळची वाटेल ती मलेशियातल्या पेनांगची आसाम (म्हणजे आंबट) लाक्सा. नावाला नूडल्स, खरं तर माशाचा आंबट-तिखट रस्सा. मासा बहुधा आपला बांगडा किंवा त्याचाच भाऊबंद. तो उकडून काटे काढतात, कुस्करून मिरचीच्या वाटणात शिजवतात. आंबटपणाला चिंच आणि ‘आसाम केपिंग’ नावाच्या वाळवलेल्या फोडी. त्या ज्या झाडाच्या फळाच्या, ते गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं नातलग. वर तांदळाच्या जाड शेवया, काकडी, अननस, पुदिना. बांगड्यात आमसूल घालणाऱ्या मुरुडच्या बाईला हा रस्सा फारसा समजावून सांगावा लागणार नाही. अननस आणि पुदिना मात्र तिला खटकतील, आणि मी तिच्याच बाजूने असेन.

तांदळाच्या शेवयाही आपल्याला परक्या नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मुटके वळून शिजवायचे आणि गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे. एकाने दांड्यावर जोर द्यायचा, दुसऱ्याने खाली ताट फिरवायचं. मग गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. तमिळ इडिअप्पम याच घराण्यातलं. त्याचे उल्लेख संगम साहित्यात असल्याचं अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया सांगतात. तमिळ माणसांबरोबर ते मलायात गेलं आणि ‘पुटू मायम’ झालं. तिथे त्यावर ओलं खोबरं आणि गूळ घालून खातात. जकार्त्याकडे ‘पुटू मायांग’ आहे, शेवयांवर नारळाचं दूध आणि ताडामाडाच्या गुळाचा पाक, म्हणजे जवळजवळ आपलंच ताट. कुणी कुणाकडून घेतलं याचा निवाडा करायची मला घाई नाही. तांदूळ, नारळ आणि गूळ एकाच घरात असले की हे सुचणारच.

मग मेनूकार्डावर शिरवाळे का नाहीत? गव्हाच्या नूडल्स सकाळी उकडून तेलाचा हात लावून ठेवल्या की रात्रीपर्यंत चालतात, ऑर्डर आली की पाच मिनिटांत कढईतून ताटलीत. शिरवाळे गार झाले की चिकटतात, रस शिळा चालत नाही, आणि दोन माणसं साच्यापाशी अडकतात. मे महिन्याच्या गर्दीत हे कुठल्याच हॉटेलवाल्याला परवडत नाही. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मिळतील, तेही घरात साचा असेल तर.