अंगण हीच शाळा

शाळा म्हटली, कीं चार भिंती, बाकें आणि छडी हें चित्र महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांतही फार दिवस डोळ्यांपुढें उभें राही. तीन-चार वर्षांच्या मुलानें तेथें हाताची घडी घालून बसावें. खेळायचें तें शाळा सुटल्यावर, असा शिरस्ता होता.

ही समजूत प्रथम युरोपांत ढळली. जर्मनींत फ्रीड्रिख फ्रोबेल यानें १८४० सालीं आपल्या शाळेला ‘बालोद्यान’ या अर्थाचें नांव दिलें आणि मुलांना बागेंत लहान लहान वाफे करून दिले. खेळ हाच बालकाचा खरा उद्योग, असें तो मानी. नास्तिक्य आणि समाजवाद पसरविल्याचा आरोप ठेवून प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं या शाळांवर बंदी घातली. ती १८६० सालीं उठली, तेव्हां फ्रोबेल जाऊन आठ वर्षें झालीं होतीं. पुढें १९०७ सालीं रोममध्यें मारिया माँटेसरी यांनीं गरिबांच्या वस्तींत बालगृह उघडलें. मेज-खुर्च्या मुलांच्या उंचीच्या, साधनें हाताशीं, आणि कोणतें साधन केव्हां घ्यावें हें ठरविणार मूल!

हिंदुस्थानांत या विचाराचें बीज गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरच्या बालमंदिरांत रुजविलें. ताराबाई मोडक तेथेंच त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु एक शल्य उरलेंच. बालमंदिराची इमारत आणि साधनें खर्चाचीं. तेव्हां हें स्वातंत्र्य मुख्यतः शहरांतील सुस्थित मुलांच्या वांट्यास आलें.

तें दूर करण्यासाठीं ताराबाई १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. बालवाडी सुरू झाली. मात्र हरिजनवस्तींतील मुलें तिच्याकडे फिरकेनात. दार उघडें होतें, तरी उंबरठा आड येत होता. तेव्हां मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनेंच मुलांकडे जावें, असें ठरलें. वस्तींतील अंगणांतच मुलें जमूं लागलीं. तीं स्वच्छ होत, गाणीं म्हणत, गोष्टी ऐकत आणि खेळत. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपल्यांनीं, खड्यांनीं, पानांनीं व बियांनीं घेतली. लहानमोठें, खरखरीत-गुळगुळीत, कमी-अधिक हें सारें या वस्तूंतूनही हाताला कळतें. हीच अंगणवाडी.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें आदिवासी मुलें गुरांमागें रानांत जात. म्हणून शाळाही कुरणांत भरली आणि ‘कुरणशाळा’ म्हणून ओळखली गेली.

खोलींतील स्वातंत्र्य मोलाचें खरें. पण खोलींत पाऊल टाकूं शकणाऱ्यालाच तें लाभतें. छपराखालचा खेळ आणि उघड्यावरचा खेळ यांतील भेद बोर्डीनें मिटविला, तो या जाणिवेंतून. १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आंखली, तेव्हां तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें. नांव देशभर पोंचलें. ज्या ठिकाणीं त्या नांवामागें मुलांना मोकळी जमीन, मूठभर माती आणि खेळ निवडण्याची मुभा मिळते, त्या ठिकाणीं ताराबाईंचें कामही पोंचलें असें म्हणावें.