साधनवर्णनाचे प्रामाण्य : मागापासून एजंटापर्यंत

सूचना वाचणारा जेव्हा सूचना देणाऱ्यास प्रश्न विचारू शकत नाही, तेव्हा त्या सूचनेचे गुणदोष कशावरून ठरवावेत? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात हा प्रश्न आज नव्याने उपस्थित झाला असला, तरी त्याचा इतिहास जुना आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा सोलापूरच्या मागावर सापडतो.

जोसेफ मारी जकार याने फ्रान्समधील लियाँ येथे १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली यंत्ररचना ‘जकार्ड’ या नावाने जगभर पसरली. सोलापुरी चादरीची ख्यातनाम नक्षी याच रचनेवर विणली गेली. पुठ्ठ्यावर छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. येथे अर्थ लावण्यास वावच नाही. छिद्र चुकले तर दोष कापडावर उमटतो आणि विणकराची नजर तो हेरते.

संगणकाबरोबर सूचनेला भाषेचे रूप आले. नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत आज्ञांच्या वर्णनात नाव, रूप व कार्य यांबरोबरच ‘दोष’ असेही सदर होते. साधन काय करीत नाही, हे सांगण्याची ही प्रथा फार मोलाची होय. तथापि त्या पुस्तिकेचा वाचक मनुष्य होता. वर्णनात राहिलेली उणीव तो अनुभवाने भरून काढी, किंवा शेजारच्या सहकाऱ्यास विचारी.

एजंटाचे तसे नाही. एजंट म्हणजे भाषिक प्रतिमानाच्या आधारे स्वतः साधने निवडून ती चालविणारी प्रणाली. तिला साधनाचा परिचय मुख्यतः वर्णनातूनच होतो, आणि वर्णनातील उणीव ती बहुधा अनुमानाने भरते. २०२३ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी ‘गोरिला’ या प्रकल्पात दाखविले की, प्रतिमाने अस्तित्वात नसलेल्या आज्ञाही रचतात, आणि माहितीपत्रे हाताशी दिल्यास हे प्रमाण घटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतप्रणालीने साधनवर्णनाचा साचा ठरवून दिला. त्यात साधनाचे नाव अनिवार्य आहे, वर्णन मात्र ऐच्छिक आहे.

या ठिकाणी मीमांसाशास्त्राचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वेदवाक्ये अपौरुषेय मानल्यामुळे मीमांसकांना कर्त्याकडे खुलासा मागण्याची सोय नव्हती. म्हणूनच त्यांनी विधिवाक्यांच्या वाचनाचे नियम बांधले. जैमिनीने श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या ही सहा प्रमाणे सांगून, विरोध आल्यास पुढचे प्रमाण मागच्यापेक्षा दुर्बल मानले. श्रुती म्हणजे साक्षात शब्दाने केलेले विधान. समाख्या म्हणजे नाव. नावाचे स्थान सर्वांत शेवटी आहे. अशा परिभाषेचा धांडोळा घेणाऱ्यास वाईच्या प्राज्ञपाठशाळेने केवलानंद सरस्वतींचा सात खंडांत प्रसिद्ध केलेला मीमांसाकोश (१९५२–६६) आजही उपयोगी पडेल.

हा क्रम केवळ पांडित्याचा विषय नाही. समजा, ‘कांदाभाव’ नावाचे एक साधन आहे आणि त्याच्या वर्णनात ‘बाजारभाव देते’ एवढेच लिहिले आहे. बाजार समितीच्या नोंदीत किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. ते क्विंटलमागे असतात आणि विशिष्ट दिवसाचे असतात. यांपैकी काहीही न सांगितल्यास एजंट कालचा कमाल दर ‘आजचा भाव’ म्हणून सांगू शकेल, आणि त्या भरवशावर बार्शीचा शेतकरी सोलापूरला गाडी भरून आणील. मागावरची चूक कापडावर दिसत असे. ही चूक मात्र सुबक मराठी वाक्यात दडून राहते, आणि तिची किंमत वर्णनकर्त्यास नव्हे, शेतकऱ्यास मोजावी लागते.

यावरून परीक्षणाचा एक साधा मार्ग निघतो. साधनाचे नाव काढून त्या जागी निरर्थक खूण ठेवावी आणि तेच प्रश्न एजंटापुढे पुन्हा मांडावेत. निवड योग्य राहिली, तर वर्णन श्रुतीच्या बळावर उभे आहे. ती कोसळली, तर आजवरचे यश समाख्येचे होते असे समजावे. त्याबरोबरच परिमाण, काळ, मर्यादा व दोष हे स्पष्ट शब्दांत आले आहेत की नाहीत, हेही तपासावे. वर्णनाची भाषा किती प्रौढ आहे यापेक्षा ती किती चुकीचे अर्थ वगळू शकते, हीच तिच्या गुणवत्तेची खरी कसोटी होय.