दिव्याखालचा अंधार

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या वहिनींकडे दिवाळीत आकाशकंदील टांगायचे काम माझ्याकडे असते. माझी उंची हीच त्यासाठीची पात्रता. त्या वर्षी त्यांनी नेहमीच्या पिवळ्या बल्बऐवजी नवा एलईडी दिवा आणला होता. कंदील वर चढला, बटण दाबले गेले, आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वरचा अर्धा कंदील लागलाच नाही की!" खरेच होते. खालच्या झिरमिळ्या लख्ख उजळल्या होत्या आणि वरच्या पाकळ्या काळोखात होत्या. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे अंधार दिव्याच्या डोक्यावर बसला होता.

वीज आली तेव्हा ही म्हण जुनी झाली असे वाटले होते. पणतीखाली अंधार पडतो तो तिच्या स्वतःच्या बुडामुळे. एडिसनने १८७९ मध्ये जाळून कोळसा केलेला दोरा काचेच्या निर्वात फुग्यात पेटवला, पुढच्या वर्षी जपानी बांबूचा तंतू वापरला. मग टंगस्टनची तार आली. कोळसा असो की टंगस्टन, तापलेला बारीक तंतू सगळीकडून सारखाच उजळतो. त्याला पाठ नाही आणि पोट नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात फिलामेंटला 'कुंतल' असा शब्द होता. कुंतल म्हणजे केस. हा शब्द ज्याने योजला तो मास्तर नक्की छुपा कवी असणार. मात्र या कुंतलाची खोड अशी, की खाल्लेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग तो प्रकाश म्हणून देई. बाकी सगळी उष्णता.

एलईडीची कुळकथा वेगळी आहे, आणि ती रेडिओवर सांगायला मला विशेष आनंद होतो, कारण हा दिवा रेडिओच्याच घरात जन्मला. १९०७ साली मार्कोनी कंपनीतले हेन्री राउंड हे इंग्रज अभियंता रेडिओलहरी पकडण्यासाठी निरनिराळे स्फटिक तपासत होते. कार्बोरंडमच्या, म्हणजे धार लावायच्या दगडातल्या पदार्थाच्या, स्फटिकाला त्यांनी तारेचे टोक लावून दहा व्होल्टचा दाब दिला, तर तिथे पिवळसर उजेड दिसला. त्यांनी एका नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहिले आणि ते आपल्या कामाला लागले.

या उजेडाचा खरा पाठलाग केला रशियातल्या ओलेग लोसेव्ह या तरुणाने. जन्म १९०३ चा. विद्यापीठाचे रीतसर शिक्षण नाही. निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत साध्या पदावर नोकरी. स्फटिकाचा हा उजेड तापल्यामुळे येतो का, हे त्याला ठरवायचे होते. त्याने स्फटिकावर बेंझिनचा थेंब ठेवला. उजेड असताना तो थेंब एरवीपेक्षा लवकर उडून जात नाही, असे त्याला दिसले. म्हणजे हा उजेड थंड! हे या पोराने एका थेंबात पाहून ठेवले होते. १९२७ पासून त्याने यावर लेख लिहिले, पेटंट घेतले. १९४२ च्या जानेवारीत, लेनिनग्राडच्या वेढ्यात, तो उपासमारीने गेला. वय ३८. एलईडीच्या इतिहासाची सुरुवात पुष्कळदा १९६२ पासून केली जाते. त्या वर्षी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. होलोन्याक थोरच, पण इतिहास तिथून सुरू करणे मला पटत नाही.

लाल झाला, हिरवा झाला, निळा काही केल्या जमेना, आणि निळ्यावाचून पांढरा नाही. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा जपान्यांनी गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकातून तेजस्वी निळा मिळवला. १९९३ मध्ये तो जगासमोर आला, २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. निळ्या कणावर पिवळ्या फॉस्फरचा थर द्यायचा. थोडा निळा आरपार येतो, थोड्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्यांना पांढरे दिसते.

आता वहिनींच्या कंदिलाकडे परत येऊ. एलईडीचा कण म्हणजे मोहरीहूनही लहान चपटी फरशी. तंतूसारखा तो सगळीकडून मोकळा नसतो. पोटावर झोपवून, धातूच्या पाटावर चिकटवून ठेवावा लागतो. हा पाट उष्णतेसाठी. प्रकाश थंड असला तरी कण तापतो, आणि ती उष्णता पाठीमागून वाहून न्यावीच लागते. नाही तर कण मरतो. म्हणून सुरुवातीच्या दिव्यांची मान ॲल्युमिनियमची, जाडजूड, आणि वर प्लॅस्टिकची अर्धगोल टोपी. प्रकाश टोपीतून समोर जातो, होल्डरकडची बाजू मानेच्या सावलीत राहते. पणतीचे बूड परत आले म्हणा ना.

ही तक्रार एकट्या वहिनींची नव्हती. अमेरिकेतल्या 'एनर्जी स्टार' मानकाने नियमच केला, की सर्व दिशांना प्रकाश देणारा दिवा म्हणवून घ्यायचे असेल, तर एकूण प्रकाशातला निदान पाच टक्के भाग मागे, होल्डरकडच्या पट्ट्यात गेला पाहिजे. पाच टक्के! पण तेवढ्यासाठीही कारखान्यांना घाम फुटला. कुणी मक्याच्या कणसासारखे दाणे चौफेर लावले, कुणी आरसे बसवले.

खरी वाट सापडली ती जुन्या कुंतलाकडे परत जाऊन. जपानच्या उशिओ कंपनीने २००८ मध्ये तंतूच्या रूपातला एलईडी दिवा काढला. काचेच्या किंवा नीलमणी स्फटिकाच्या, अगरबत्तीच्या काडीइतक्या बारीक पट्टीवर पंचवीस-तीस कण एका ओळीत लावायचे आणि वरून सगळीकडून फॉस्फर मिसळलेले सिलिकॉन माखायचे. पट्टी पारदर्शक असल्यामुळे प्रकाश पाठीमागेही जातो. मागे फॉस्फर लावायचे राहिले तर ती बाजू निळसर दिसते, म्हणून लेप चौफेर. जाड मान गेली, मग उष्णतेचे काय? काचेच्या फुग्यात हेलियम भरले. हा वायू हवेच्या जवळपास सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो, आणि सगळी काचच दिवा गार ठेवायला लागते.

तरी एक खोट उरलीच. सरळ उभी काडी बाजूंना भरपूर प्रकाश टाकते, पण स्वतःच्या टोकाच्या दिशेने फारच थोडा. म्हणजे टांगलेल्या दिव्याच्या बरोबर खाली पुन्हा अंधुक! म्हणून काड्या तिरप्या लावू लागले. तिरपेपणाही पुरेना, तेव्हा काडीला वाकवणे आले, आणि काच काही वाकत नाही.

मग पट्टी पॉलिइमाइड या चिवट प्लॅस्टिकची केली. कण अजून कडकच आहेत, वाकते ती दोन कणांमधली जागा. पूर्वी कणांना जोडणाऱ्या केसासारख्या तारा वाकताना तुटत, म्हणून कण उलटा करून थेट तांब्याच्या रेघांवर बसवू लागले. ही पट्टी स्प्रिंगसारखी वळवता येते. प्रत्येक वळणावर तिचे तोंड नव्या दिशेला असते. एका जागी जी बाजू कमी उजळते तिची भरपाई पुढचे वळण करते. या पट्टीत समान प्रकाश वळणांतून येतो, हे मला फार आवडते. अडचण आहे ती उष्णतेची: प्लॅस्टिक उष्णता नीट वाहत नाही, त्यामुळे अशा दिव्याला वीज बेतानेच द्यावी लागते. फार लख्ख उजेड हवा असेल त्याने हा घेऊ नये.

मागल्या दिवाळीत वहिनींच्या कंदिलात मी असलाच एक दिवा लावला. पाकळ्या वरपासून खालपर्यंत सारख्या उजळल्या. सकाळी कंदील उतरवताना वहिनी विझलेल्या दिव्याच्या काचेतून त्या पिवळ्या वळणांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, या तारेला हळद कुणी लावली?"