शाळा कोणाच्या हाती?

सत्तेचे विकेंद्रीकरण हा यवतमाळ जिल्ह्याला घरचाच विषय. लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. समितीचा अहवाल १९६१ साली आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्या शाळांतूनच आमच्या घरांत पहिले पदवीधर निघाले, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण सत्ता खाली उतरते ती कोणाच्या ओंजळीत? मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवायचे ठरले. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या हस्तांतराला विरोध केला. ज्या गावाने आमची मुले शाळेबाहेर बसवली, त्याच गावाचे कारभारी शाळेचे मालक होणार होते. दूरचे सरकार निदान दाद मागण्याची जागा होती. दारातला मालक तीही ठेवत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, त्यांत दुर्बल घटकांना प्रमाणशीर वाटा ठेवला. बाबासाहेबांच्या आक्षेपाला हे अर्धे उत्तर आहे. सभा भरदुपारी भरली, तर कापूस वेचायला गेलेली आई मजुरी बुडवून येणार कशी? मग तिच्या नावापुढे अंगठा तेवढा उरतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी विकेंद्रीकरणाच्या घोषणेवर समाधान मानू नये. सभा मजुरी सुटल्यावर भरवायला लावावी आणि सहीआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्यावे.